आवाज जपून ठेवताना

(मोबाइलच्या हेडफोनच्या छिद्राला माइक जोडण्याविषयी मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज वर्धापनदिनी मी काही बोलावे अशी कार्यकारिणीने आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी विदुषी नाही. गेली अकरा वर्षे मंडळाची इतिवृत्तवही माझ्याकडे आहे. सभेत कोण काय बोलले ते मी लिहून घेते, पण स्वतः उभे राहून बोलण्याची सवय मला नाही. त्यातून विषय मिळाला तो यंत्राचा. परंतु अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "ज्याच्या हातून दूध उतू गेले, त्यालाच विस्तव किती ठेवावा ते कळते." हे म्हणणे मला पटले. भुलाबाईची जुनी गाणी आवाजात उतरवून ठेवावीत असा ठराव आपण यंदा केला आहे. त्या कामी माझ्या हातून पूर्वी जी चूक झाली, ती आपल्यापैकी कोणाच्या हातून होऊ नये, एवढ्याच हेतूने मी येथे उभी आहे.

प्रथम ती हकीकत सांगते.

माझ्या सासूबाईंचे माहेर मुकुटबनकडचे. त्यांच्या लहानपणी भाद्रपदातल्या पौर्णिमेला घरोघर मातीचे भुलोजी-भुलाबाई बसत, आणि कोजागिरीपर्यंत रोज सांजवेळी मुली टिपऱ्या घेऊन या घरून त्या घरी जात. गाणी संपली की झाकलेली खिरापत ओळखायची, आणि मग ती सर्वांनी वाटून खायची. हे आपणा सर्वांना ठाऊकच आहे. सासूबाईंचे विशेष एवढेच, की त्यांना ती गाणी चालीसकट पाठ होती, आणि एकच गाणे त्यांच्या आईच्या गावी कसे म्हणत व इकडे वणीत कसे म्हणत, हा फरकही त्या म्हणून दाखवीत.

२०१९ सालच्या भुलाबाईच्या दिवसांत मी वही घेऊन त्यांच्यापुढे बसले. एकतीस गाण्यांच्या पहिल्या ओळी उतरवून घेतल्या. मुलगा म्हणाला, "आई, नुसत्या ओळी लिहून काय होणार? आवाजच घे ना." फोन होताच. बाजारातल्या एका दुकानातून लांब वायरीचा, पदराला चिमट्याने अडकवायचा एक माइक आणला. दुकानदार म्हणाले, "कोणत्याही मोबाइलला बसतो." आणि खरोखरच तो बसला. फोनच्या ज्या छिद्रात आपण गाणी ऐकण्याची तार घालतो, त्यातच त्याची पिन टक्कन आवाज करून गेली. मला वाटले, झाले काम.

मागच्या ओसरीत सासूबाईंना बसवले. माइक त्यांच्या पदराला लावला. फोन वाटेत नको म्हणून वायर लांबवून कपाटावर ठेवला. कपाटाशेजारी भिंतीवरचा पंखा चालू होता. पावणेदोन तास त्या गायल्या. मधूनमधून थांबून पाणी प्यायच्या, हसायच्या, कोणते गाणे कोणत्या दिवशी ते सांगायच्या. एकतीसच्या एकतीस गाणी त्यांनी म्हटली.

रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर मी ते ऐकायला बसले. काय ऐकू आले असेल? पंखा. पंख्याची घरघर, रस्त्यावरून जाणारे कोळशाचे ट्रक, शेजारच्या कुकरच्या शिट्या. आणि या सर्वांच्या पलीकडे, विहिरीच्या तळाशी कोणी बोलावे तसा सासूबाईंचा आवाज. शब्द लागत नव्हते, मग चाल कुठली लागणार!

सकाळी भीतभीत त्यांना सांगितले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काहून व बाई, एवढा वेळ मी गायली, अन् ह्या डबड्यानं पंखाच ऐकला काय?" मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "मंग पुन्हा म्हनीन ना. पन सकाळच्या पहारी बसव मले. दुपारी आवाज फाटते माया."

आता माझी खरी चूक ऐका. पिनेची चूक अज्ञानाने झाली, तिचे मला एवढे वाटत नाही. पण त्या "पुन्हा म्हनीन" म्हणाल्या असताना मी लगेच बसले नाही. कोजागिरी झाली, मग दिवाळी आली, मंडळाच्या फराळविक्रीचे काम आले. मी म्हटले, दिवाळी होऊ द्या. दिवाळीनंतर बसलो तेव्हा त्यांना खोकल्याने धरले होते. तीन सकाळी मिळून त्यांनी बारा गाणी म्हटली. पुढे २०२० च्या संक्रांतीनंतर त्या गेल्या. बारा गाणी आज माझ्याजवळ स्वच्छ आवाजात आहेत. उरलेल्या एकोणीस गाण्यांच्या पहिल्या ओळी वहीत आहेत, पण त्यांची चाल आमच्या घरात कोणालाच येत नाही.

हे सर्व सांगण्याचे कारण हे, की पुढे मी जी पिनांची आणि तारांची माहिती सांगणार आहे, ती कोणास रूक्ष वाटेल. मलाही ती वाटली असती. परंतु एकोणीस गाणी एका पिनेपायी आणि एका आळसापायी गेली, हे लक्षात ठेवले म्हणजे ती रूक्ष वाटणार नाही.

माझी चूक काय झाली, ते मला बाजारातल्या एका वृद्ध गृहस्थांनी समजावून सांगितले. ते पूर्वी रेडिओ दुरुस्त करीत. त्यांनी माझा माइक हाती घेतला आणि म्हणाले, "ताई, पट्टे मोजा."

आपल्या घरी मोबाइलबरोबर मिळालेली इअरफोनची तार असेल तर ती आज घरी गेल्यावर पाहा. पिनेवर काळ्या किंवा पांढऱ्या बारीक रेघा असतात. रेघा दोन असतील तर धातूचे भाग तीन होतात; रेघा तीन असतील तर भाग चार. तीन भागांच्या पिनेत टोकाचा भाग डाव्या कानाचा, मधला उजव्या कानाचा आणि मागचा दोघांच्या परतीच्या वाटेचा. वीज एका तारेने जाते तशी तिला परत येण्याचीही वाट लागते, तीच ही. अशा पिनेत आवाज फक्त बाहेर येतो, आत जाण्याची सोयच नसते. चार भागांच्या पिनेत चौथा भाग वाढलेला असतो, आणि तो माइकचा. म्हणजे ज्याला आपण ऐकण्याचे छिद्र म्हणतो, त्यात बोलण्याचेही एक दार असते. पण ते अगदी तोंडाशी, पिनेच्या मुळाजवळ असते.

माझ्या माइकची पिन तीन भागांची होती. तसा माइक कॅमेऱ्याला किंवा संगणकाच्या माइकच्या छिद्राला चालतो. मोबाइलमध्ये ती पिन घातली तेव्हा तिचा मागचा लांब भाग परतीच्या वाटेला आणि माइकच्या दाराला एकदमच टेकला, आणि ते दार जणू बंद झाले. फोनला वाटले, कोणीतरी साधा, बिनमाइकचा इअरफोन लावला आहे. तेव्हा त्याने मुकाट्याने आपल्या पोटातला माइक चालू ठेवला. तो फोन कपाटावर, पंख्याशेजारी! पदराला लावलेला माइक पावणेदोन तास नुसता दागिन्यासारखा लटकत होता. फोनने काही चुकल्याची खूण केली नाही, आणि मीही विचारले नाही.

ही पिन मूळची कोठली, हे कळल्यावर मला मोठी गंमत वाटली. पूर्वी टेलिफोनच्या कचेरीत मोठ्या फळ्यापुढे मुली बसत. एकाची तार काढून दुसऱ्याच्या छिद्रात घातली की दोघांचे बोलणे जुळे. त्या फळ्यावरची पाव इंच जाडीची पिन हीच हिची आजी. एकोणिसाव्या शतकापासून ती आहे, आणि गाण्याच्या मंचावर मोठी पेटी किंवा गिटार जोडायला अजूनही वापरतात. पुढे खिशात मावणारे ट्रान्झिस्टर रेडिओ आले तेव्हा साडेतीन मिलिमीटरची धाकटी पिन आली. १९७९ साली जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन काढला, आणि दोन्ही कानांची, तीन भागांची धाकटी पिन जगभर घरोघर गेली. मोबाइल आल्यावर बोलण्याचीही गरज पडली, म्हणून तिला चौथा भाग जोडला गेला. बायकांच्या हातांनी जोडलेल्या संभाषणांतून ही पिन जन्माला आली आहे. तेव्हा ती आपल्याला समजणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

चौथ्या भागाविषयी एक अडचण सांगितली पाहिजे. शेवटचे दोन भाग कोणी कोणते वापरावे, याबाबत कंपन्यांच्या दोन रीती पडल्या. बहुतेक हल्लीच्या फोनांत टोकापासून तिसरा भाग परतीच्या वाटेचा आणि चौथा माइकचा असतो. काही जुन्या फोनांत हे उलट असे. जुन्या फोनची तार नव्याला लावली तर गाणे पोकळ ऐकू येते, वाद्ये वाजतात पण गाणाऱ्याचा आवाज हरवतो; आणि तारेवरचे बटण दाबून धरले की गाणे एकदम नीट होते. असे झाले तर तार बिघडलेली नाही, रीत उलटी आहे, असे समजावे. तिचा माइकही त्या फोनवर भरवशाचा नाही.

आता कोणी विचारील, की मग आपल्या मंडळाचा मोठा, सभेत धरायचा माइकच फोनला का जोडू नये? मीही विचारले होते. उत्तर असे, की माइकच्या दोन मोठ्या जाती आहेत. सभेच्या साध्या माइकमध्ये लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे असते. तो आपली थोडी वीज आपणच निर्माण करतो. पदराला लावायचा किंवा इअरफोनच्या तारेतला माइक त्याहून निराळा. त्यात विजेचा भार कायम धरून ठेवणारा पातळ पडदा असतो. तो १९६२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या दोघांनी शोधला. इतका स्वस्त आणि इतका लहान, की आज जवळजवळ प्रत्येक साध्या तारेत तोच असतो. मात्र त्याला थोडी वीज बाहेरून द्यावी लागते. ती फोन त्याच चौथ्या भागातून देतो, दोनएक व्होल्ट. आणि देतादेता पाहूनही घेतो, की पलीकडे अडथळा किती आहे. पुरेसा अडथळा दिसला तर म्हणतो, माइक आहे. अगदीच कमी दिसला तर म्हणतो, कोणीतरी बटण दाबले. सभेच्या माइकचा अडथळा कमी असतो. म्हणून तो सरळ जोडला तर फोन गोंधळतो, आणि गाणे आपोआप चालू-बंद होऊ लागते. तो जोडायचा तर मध्ये योग्य जोडणीपेटी लागते.

याच ओघात एक चमत्कारिक गोष्ट मी त्या गृहस्थांच्या दुकानात पाहिली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यांनी एक जुना, बिनमाइकचा इअरफोन घेतला, संगणकाच्या गुलाबी छिद्रात, म्हणजे माइकच्या छिद्रात घातला, आणि मला म्हणाले, "कानात घालायच्या ऐवजी तोंडाशी धरा आणि बोला." मी नाव सांगितले. मग त्यांनी ते वाजवून दाखवले. माझाच आवाज! बारीक आणि दबका, पण स्पष्ट.

यात जादू नाही. सायकलचा डायनामो चाक फिरवून वीज देतो, आणि पंखा वीज घेऊन पाते फिरवतो; दोहोंच्या पोटात चुंबक आणि तारेचे वेटोळेच. फॅरेडेने १८३१ साली दाखवले, की चुंबकाजवळ तार हलली तर तीत वीज येते. कानात घालायच्या गोळीतही चुंबक, वेटोळे आणि पातळ पडदा असतो. वीज आली की पडदा हलतो, आपण ऐकतो. आपण पडद्यावर बोललो की पडदा हलतो, वीज निर्माण होते. जो ऐकवतो तोच ऐकूही शकतो. ग्रॅहॅम बेलचे टेलिफोन १८७७ च्या सुमारास प्रथम विकले गेले, त्यांत बोलायला आणि ऐकायला एकच यंत्र असे. माणसे ते तोंडाशी धरून बोलत आणि मग कानाशी नेऊन ऐकत. आवाज क्षीण जाई. म्हणून पुढे एडिसनने बोलण्याकरिता निराळे यंत्र काढले, आणि त्यात दगडी कोळशाचे कण वापरण्यापर्यंत मजल गेली. आपल्या खाणींतला कोळसा नव्हे हो, त्याहून कठीण जातीचा! पण कोळशाच्या ट्रकांनी ज्या गावात माझे ध्वनिमुद्रण बुडवले, तेथे हे ऐकून मला हसू आल्यावाचून राहिले नाही.

मग मोबाइलच्या छिद्रात साधा इअरफोन घालून त्यात बोलले तर चालेल का? नाही. त्याच्या डाव्या-उजव्या कानांच्या तारा फोनच्या बाहेर जाण्याच्या दारांना टेकतात, माइकच्या दाराला नाही. तारा बदलून जोडल्या तरी त्या गोळीचा अडथळा फार थोडा, तेव्हा फोन म्हणणार, बटण दाबले. म्हणून घरी हा खटाटोप कोणी करू नये. समजून घेण्यापुरता तो संगणकावर करून पाहावा.

संगणकाची मात्र एक सावधगिरी आहे. पुष्कळ संगणकांत कोणते छिद्र आत घेणारे आणि कोणते बाहेर देणारे, हे आतल्या आज्ञेने बदलता येते. इस्रायलमधील बेन-गुरियन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले, की लबाड प्रोग्रॅम शिरला तर ऐकण्याच्या छिद्राला लावलेला हेडफोनच खोलीतले बोलणे टिपू लागतो, माइक काढून ठेवला असला तरी. घाबरण्याचे कारण नाही. पण अनोळखी ठिकाणाहून आलेली वस्तू संगणकात उघडू नये, आणि काम झाले की हेडफोन काढून ठेवावा, एवढे ध्यानात असू द्यावे.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते. यंदा आपण घरोघर जाऊन गाणी उतरवणार आहोत. त्यासाठी माझ्या अनुभवाच्या गोष्टी क्रमाने सांगते.

पहिली, नवा माइक आणण्याची घाई करू नका. फोनबरोबरची, तीन रेघांची इअरफोनची तार हाच पुष्कळ चांगला माइक आहे. सासूबाईंची बारा गाणी मी त्यावरच घेतली. तारेवर जेथे बटण असते, तेथे बारीक भोक दिसते, तोच माइक. तो सेफ्टी पिनेने पदराला लावावा, तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला. अगदी समोर धरला तर श्वास आपटतो. पदर, मंगळसूत्र आणि बांगड्या त्याला घासणार नाहीत हे पाहावे.

दुसरी, विकत घ्यायचाच असेल तर दुकानातच रेघा मोजा. मोबाइलसाठी तीन रेघा. दोन रेघांचा घेतला असेल, तर माइक आणि हेडफोन निराळे करणारी दुतोंडी जोडणी मिळते. तिची फोनकडची पिन चार भागांची असली पाहिजे. हल्लीच्या पुष्कळ फोनांना हे गोल छिद्रच नसते. ॲपल कंपनीने २०१६ साली आयफोनमधून ते काढून टाकले आणि इतरही पुष्कळ कंपन्या त्या वाटेने गेल्या. अशा फोनांना चार्जरच्या छिद्रात बसणारी जोडणी लागते. तिच्यातून माइकही चालतो ना, हे दुकानातच तपासून घ्यावे.

तिसरी, आणि ही सर्वांत महत्त्वाची. आजीबाईंना गायला सांगण्याआधी नखाची परीक्षा घ्या. मुद्रण चालू करून प्रथम पदरावरच्या माइकवर नखाने हलकेच खरवडा, मग फोनच्या खालच्या कडेवर खरवडा. मुद्रण थांबवून ऐका. ज्या खरवडण्याचा आवाज मोठा, तो माइक चालू. अर्ध्या मिनिटाची ही परीक्षा मी त्या दिवशी घेतली असती, तर आज एकतीस गाणी माझ्याजवळ असती.

चौथी, पंखा बंद, कुकर बंद, दूरदर्शन बंद. आपल्या गावात पहाटेची वेळ बरी. फोन विमानाच्या खुणेवर ठेवावा, म्हणजे मध्येच कोणाचा फोन येऊन गाणे तुटत नाही. फोनमध्ये जागा आणि वीज पुरेशी आहे ना, ते आधी पाहावे.

पाचवी, प्रत्येक गाण्याच्या आरंभी म्हणणाऱ्या बाईने आपले नाव, माहेरचे गाव, गाणे कोणाकडून शिकले आणि त्या दिवसाची तारीख बोलावी. आवाज राहतो, पण तो कोणाचा हे दहा वर्षांनी कोणी सांगत नाही. त्याच संध्याकाळी मुद्रणाची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. एक फोन हरवला की सारे गेले, असे होऊ नये.

सहावी, विचारल्यावाचून घेऊ नका आणि विचारल्यावाचून पाठवू नका. आपल्या गाण्यांत सासू, नणंद, दीर सगळेच असतात. गाताना एखादीच्या डोळ्यांत पाणी येते, एखादी मध्येच थांबून स्वतःचे सांगू लागते. ते आपल्या विश्वासावर सांगितलेले असते. तेवढे कापून तिच्या हाती द्यावे. व्हॉट्सॲपवर फिरवू नये.

भगिनींनो, कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, शब्द लिहून घेतले की पुरे. मीही वही सांभाळणारी बाई. लिहिण्याची किंमत मला कमी वाटत नाही. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून 'स्त्रीजीवन' सिद्ध केले, सरोजिनीबाई बाबरांनी लोकसाहित्याचे खंडामागून खंड काढले. ते नसते तर आज ते शब्दही नसते. पण कागदावर शब्द उतरतो, गळा उतरत नाही. हे ओळखून पुण्याच्या हेमाताई राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी खेडोपाडीच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या त्या संग्रहात आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ बायकांच्या आवाजात मुद्रित आहेत. बर्नार्ड बेल यांनी १९९० नंतरच्या दशकात ते मुद्रण केले, आणि २०१७ पासून 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून त्या ओव्या कोणालाही ऐकता येतात. घरोघरची जाती थांबली, दळण गिरणीत जाऊ लागले, पण दळताना त्या बाईचा श्वास कोठे थांबत असे, ते त्या मुद्रणात राहिले आहे.

आपल्या वणीची, मारेगावची, झरी-जामणीची गाणी अशी कोणी बाहेरून येऊन उतरवील, याची वाट पाहायची काय? आपल्या शेजारी कोलामी आणि गोंडी बोलणाऱ्या बहिणी आहेत. त्यांची गाणी तर आपल्यापैकी बहुतेकींनी कधी कान देऊन ऐकलीही नाहीत. प्रथम आपण त्यांच्याकडे जावे, आणि त्यांची इच्छा असेल तर त्यांच्याच मुलींच्या हाती ही तार द्यावी, असे मी सुचवते. आपली गाणी कशी घ्यावी, हे त्या आपल्यापेक्षा चांगले जाणतील.

आमच्या घरी ती बारा गाणी आम्ही अजून ऐकतो. तिसऱ्या गाण्यानंतर सासूबाई खोकतात आणि म्हणतात, "हे काढून टाक व." मुलगा म्हणाला, खोकला कापू या. मी कापू दिला नाही. गेल्या भुलाबाईत माझ्या नातीने त्या मुद्रणावरून दोन गाणी चालीसकट शिकून म्हटली. तिने आपल्या पणजीला पाहिलेही नाही. ती गात असताना मी वहीतल्या एकोणीस ओळी उघडून बसले होते.

तेव्हा माझी हात जोडून विनंती आहे, की या सभागृहात ज्या आजीबाई बसल्या आहेत, त्यांच्या लेकीसुनांनी आजच घरी जाऊन ड्रॉवरमधली जुनी तार काढावी आणि रेघा मोजाव्यात. आणि एखादी उद्या म्हणाली, "पुन्हा म्हनीन ना," तर दिवाळीची वाट पाहू नये. कोणास तार लावण्यात अडचण आली तर मी शनिवारी दुपारी मंडळाच्या खोलीत असतेच. माझ्या सासूबाईंच्या वहीची एक प्रतही तेथे ठेवली आहे. तीतल्या एकोणीस ओळींपैकी एखादीची चाल कोणास येत असेल, तर तिने मला जरूर सांगावे. मी तार घेऊन तिच्या दारी येईन, आणि पंखा बंद करायला सांगेन.